स्थळाची चौकशी करतो, तशी बातमीची

मिरजेच्या एका शिक्षिकाताईंनी विचारलं आहे:

"माझे वडील 71 वर्षांचे. एसटीतून निवृत्त, सांगलीत गावभागात एकटे राहतात. पावसाचा जोर वाढला तेव्हा त्यांनी घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. पुलावरून पाणी वाहतंय, माणसं पळताहेत, खाली मजकूर: 'अलमट्टीचे दरवाजे बंद, आज रात्री सांगलीत पाणी शिरणार.' भावाने पुण्याहून सगळ्यांसमोर लिहिलं, 'अप्पा, जुना व्हिडिओ आहे, कशाला लोकांना घाबरवता?' अप्पांनी ग्रुप सोडला. पंधरा दिवस झाले, भावाचा फोन घेत नाहीत. इकडे माझा आठवीतला मुलगा म्हणतो, 'आई, सगळंच फेक असतं.' आणि शाळेत मला माध्यमसाक्षरतेवर तास घ्यायला सांगितलं आहे. नेमकं शिकवायचं काय? आणि घरी काय करू?"

ताई, आधी अप्पांचं बोलू. तुमच्या भावाने लिहिलं ते खरं होतं आणि तरी त्यातून काही साधलं नाही. मी 24 वर्षं मराठी दैनिकांच्या डेस्कवर, म्हणजे आलेली बातमी तपासून छापायला देतात त्या टेबलावर, उपसंपादक म्हणून काढली. गेली दहा-बारा वर्षं शाळा, बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ अशा ठिकाणी बातमी कशी पारखायची ते शिकवतो. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी कार्यशाळा संपल्यावर कुणीतरी मागे थांबतं आणि हळू आवाजात हीच गोष्ट सांगतं. कुणाचे वडील, कुणाचे सासरे, कुणाचे काका. भांडण तेच.

गावभागातल्या माणसाला पुराची भीती वाटते, ती कुणा व्हिडिओने घातलेली नाही. सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्याच पुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली. ज्याने त्या दिवसांत भांडी, गाद्या, रेशनकार्ड माळ्यावर चढवलं, पाणी ओसरल्यावर घरातला चिखल फावड्याने ओढला, त्याला रात्री फोनवर पुलावरून वाहणारं पाणी दिसलं तर त्याला आधी पोरंबाळंच आठवणार. अप्पांनी व्हिडिओ पुढे पाठवला तो काळजीपोटी. भावाने उत्तर दिलं व्हिडिओला. अप्पांना ऐकू आलं ते 'तुम्हाला काही कळत नाही', आणि तेही सुना-नातवंडांसमोर.

म्हणून घरात मी एक गोष्ट कटाक्षाने पाळायला सांगतो. वडीलधाऱ्यांची चूक ग्रुपवर दुरुस्त करायची नाही, फोन करायचा. फोनवर पहिलं वाक्य 'हे खोटं आहे' असं नको. 'अप्पा, पाण्याचं टेन्शन आलं का? पाऊस कसा आहे तिकडे?' इथून सुरुवात करायची. दोन मिनिटं पावसावर बोलणं झालं की मग व्हिडिओचा विषय काढायचा. ग्रुपवरच्या इतर चाळीस माणसांना कळायला हवंच, पण ते अप्पांनीच कळवावं: 'मघाचा व्हिडिओ जुना निघाला, आत्ता पाणी अमुक फुटांवर आहे.' स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करणाऱ्या माणसाचा ग्रुपमधला मान वाढतो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. मात्र मजकूर असा असेल की त्यातून कुणाच्या अंगावर जमाव धावून जाईल किंवा कुणी औषध बंद करेल, तर मानापमान बाजूला. तिथे ताबडतोब, सगळ्यांसमोर सांगायचं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, आणि त्यासाठीही अप्पांचाच हात धरतो.

पावसाळ्यात सांगलीचा माणूस एकमेकाला काय विचारतो? 'आयर्विनला किती?' पूर येईल का, असं तो मोघम विचारत नाही. आयर्विनला किती फूट, वरच्या कोयना धरणातून विसर्ग किती क्युसेक, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती सोडलंय (तिथे पाणी अडलं की इकडे फुगेल, ही इथली भीती). कोयनेचा साठा पूर्ण क्षमतेच्या, म्हणजे 105 टीएमसीच्या, किती जवळ आला, हे टपरीवरचा चहावालासुद्धा सांगतो. कुणी म्हणालं, 'पाणी वाढलंय म्हणे', तर अप्पा नक्की विचारत असणार, 'तू बघून आलास का? कधीची गोष्ट?' हीच माध्यमसाक्षरता. कुठे, किती, कधी, आणि मोजलं कुणी. अप्पांना ती येते, तुमच्या भावापेक्षा चांगली येते. फक्त नदीकाठी उभं असताना येते ती फोन हातात आल्यावर आठवत नाही. तुम्हाला नवीन काही शिकवायचं नाही. तिथली सवय इथे आणायची आहे.

त्या मजकुराला हेच प्रश्न विचारून बघा. कुठला पूल? लिहिलेलं नाही. दरवाजे बंद, हे कोण सांगतंय? नाव नाही. पाणी किती? आकडा नाही. आणि 'आज रात्री' म्हणजे कोणत्या तारखेच्या रात्री? फॉरवर्डमधला 'आज' कधीच शिळा होत नाही. तो 2019 मध्ये आज होता, 2021 च्या पुरात आज होता, पुढच्या वर्षीही आजच असेल. वर्तमानपत्रात बातमीच्या सुरुवातीला 'सांगली, दि. 27' असं छापतात ना, त्याला आम्ही डेटलाइन म्हणतो. वाचक तिच्याकडे बघतही नाही. पण ती छोटी ओळ म्हणजे बातमीची जबानी असते: मी अमुक ठिकाणाहून, अमुक दिवशी बोलतेय. फॉरवर्डची डेटलाइन कापलेली असते. वर्गात मुलांना पहिल्या दिवशी एवढंच करायला सांगा: फोनवर आलेल्या दहा मजकुरांपैकी किती मजकुरांवर ठिकाण आणि तारीख आहे ते मोजा. बाकी काही बोलू नका. मुलं स्वतःच बोलायला लागतात.

हा धडा मला मिळाला तो दिवस सांगतो. 21 सप्टेंबर 1995. मी डेस्कवर नवा होतो. सकाळपासून कार्यालयातले फोन थांबेनात. अमुक मंदिरात गणपती दूध पितोय, आमच्या देव्हाऱ्यातला पण पितोय. तेव्हा सामान्य माणसाकडे मोबाइल नव्हते, इंटरनेट नव्हतं, तरी दुपारपर्यंत देशभर आणि परदेशातही मंदिरांबाहेर रांगा लागल्या होत्या. मी उत्साहाने मथळा लिहिला: 'गणपती दूध प्यायला'. वृत्तसंपादकांनी कागद हातात घेतला आणि विचारलं, "तू पाहिलंस?" म्हटलं, नाही, पण शंभर फोन आलेत. "फोन करणाऱ्यांनी काय पाहिलं?" म्हटलं, चमच्यातलं दूध कमी होताना. "मग तेवढंच लिही." दुसऱ्या दिवशी अंक गेला तो 'मूर्तीला दूध पाजण्यासाठी मंदिरांत रांगा' असा. रांगा आमच्या वार्ताहराने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. दूध कुठे गेलं, ते शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवलं. पृष्ठताणामुळे ते मूर्तीकडे ओढलं जात होतं आणि पातळ थर होऊन खाली ओघळत होतं. पांढऱ्या मूर्तीवर पांढरं दूध, दिसणार कसं?

त्या संध्याकाळी कुणी माझ्या श्रद्धेवर बोट ठेवलं नाही, मला मूर्खही म्हणाले नाहीत. पाहिलेलं आणि पाहिलेल्यावरून ठरवलेलं, या दोन गोष्टी फक्त वेगळ्या करून दाखवल्या. त्या दोन गोष्टी वेगळ्या करणं हेच डेस्कचं काम. आज अप्पांच्या फोनवर येणाऱ्या मजकुराला मध्ये डेस्कच नाही, त्यामुळे ते काम अप्पांवर, तुमच्यावर, आठवीतल्या पोरावर येऊन पडलंय. त्यासाठीची तयारी मात्र कुणीच करून दिलेली नाही.

पुढचा प्रश्न, चौकशी करायची कशी? इथे सुशिक्षित माणसंही सगळ्यात जास्त चुकतात. मजकूर खरा की खोटा हे ते त्या मजकुराकडेच बघत बसून ठरवायचा प्रयत्न करतात. भाषा शुद्ध आहे का, लोगो आहे का, बोलणारा डॉक्टर दिसतोय का. ताई, आपल्याकडे मुलीला स्थळ आलं तर आपण काय करतो? मुलाकडचे सांगतात ते ऐकून घेतो, चहा पितो आणि मग त्यांच्या गावात कोण ओळखीचं आहे ते शोधतो. मुलगा कामाला आहे तिथे विचारतो, शेजारी विचारतो. त्याच्या बैठकीच्या खोलीत बसून त्याच्याबद्दलचं खरं कळत नाही, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बातमीचंही तसंच.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी हेच तपासून पाहिलं. इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यपडताळणी करणारे, अशा तीन गटांना काही वेबसाइट पारखायला दिल्या. अभ्यासक आणि विद्यार्थी त्या पानावरच खोल वाचत बसले आणि त्यांच्यातले कितीतरी फसले. पडताळणीवाले काही सेकंदांत ते पान सोडून बाहेर पडले, दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहिलं. त्यांनी वाचलं कमी आणि ओळखलं जास्त. माझ्या कार्यशाळेत मी याला 'गावात चौकशी' म्हणतो. बायकांना हा शब्द एकदा सांगितला की पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

अलमट्टीच्या मजकुराची गावात चौकशी म्हणजे एवढंच: फोनवर 'अलमट्टी विसर्ग' शोधायचं आणि तारखेसह आलेल्या दोन वेगवेगळ्या बातम्या पाहायच्या. जिल्हा प्रशासनाने काही कळवलंय का पाहायचं. सांगलीत पाणी शिरणार असेल तर ते एका निनावी व्हिडिओलाच ठाऊक आणि जलसंपदा खात्याला, जिल्हाधिकाऱ्यांना, एकाही दैनिकाला ठाऊक नाही, असं होईल का?

व्हिडिओ जुना आहे का, हे अप्पांबरोबर बसून करा. त्यांच्याच फोनवर. मागच्या वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात मी हे केलं ते जसंच्या तसं सांगतो. एका आजोबांच्या फोनवर धरणाची भिंत फुटल्याचा व्हिडिओ होता. त्यांना म्हटलं, जिथे भिंत स्पष्ट दिसते तिथे थांबवा. त्यांनी थांबवला. आता स्क्रीनशॉट घ्या. तो कसा घेतात ते त्यांना येत नव्हतं, शेजारच्या बाईंनी दाखवलं. मग तो फोटो गूगल लेन्समध्ये, म्हणजे फोटोवरून तसेच फोटो शोधून देणाऱ्या ॲपमध्ये, उघडला. खाली तशाच चित्रांची रांग आली. पाटी भलत्याच लिपीत, तारीख चार वर्षांपूर्वीची. आजोबा पाच मिनिटं बोटाने वर-खाली करत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हे मला घरबसल्या करता येतं?" पुढे तासभर त्यांनी माझं काही ऐकलं नाही, ते फोनमधला एकेक जुना व्हिडिओ काढून तपासत होते. मी त्यांना अडवलं नाही. तेव्हापासून मी हा प्रयोग कार्यशाळेच्या शेवटी ठेवतो.

लेन्स नेहमी सापडवून देईलच असं नाही. नवीन व्हिडिओ असेल तर काहीच मिळत नाही. काही मिळालं नाही म्हणजे व्हिडिओ खरा, असा अर्थ मुलं लगेच काढतात. त्यांना तिथेच थांबवा. 'माहीत नाही' हे पूर्ण उत्तर आहे आणि जे माहीत नाही ते पुढे पाठवायचं नसतं.

हे सगळं कशासाठी, असं वर्गात कुणी विचारलं तर राईनपाड्याचं सांगा. मी आठवीच्या पुढच्या वर्गांना सांगतो, आवाज न चढवता. 1 जुलै 2018, धुळे जिल्हा, साक्री तालुका. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज फिरत होते. राईनपाड्याच्या आठवडी बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं आली. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हे त्यांचं परंपरेने चालत आलेलं जगणं. मंगळवेढ्याच्या बाजूची माणसं, तिथून शेकडो किलोमीटर दूर. जमावाने त्यांना मुलं पळवणारे ठरवलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जणांना.

त्या काळात देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एकात मोटरसायकलवरून दोघे येतात आणि खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. तो व्हिडिओ होता कराचीचा. तिथल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली जाहिरात होती. मूळ फितीत ते दोघे लगेच मुलाला परत आणून सोडतात आणि 'मुलांवर लक्ष ठेवा' असा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. व्हिडिओत नवं काहीच घातलं नाही, फक्त शेवटचे काही सेकंद काढून टाकले. मुलांची काळजी घ्या असं सांगणारा व्हिडिओ आपल्याकडे माणसं मारायला कारण झाला. वर्गात मी आधी कापलेली फीत दाखवतो आणि काय झालं ते लिहायला सांगतो. मग पूर्ण दाखवतो. त्यानंतर वर्गात जी शांतता होते ती माझ्या कुठल्याही भाषणाने होत नाही.

त्याच रात्री मालेगावातही असाच जमाव जमला होता. लहान मूल बरोबर असलेलं पाच जणांचं कुटुंब त्याच्या तावडीत सापडलं. तिथे स्थानिक लोकांनी त्यांना घरात घेतलं, पोलीस पोचले, ते वाचले. अफवा तीच होती. दार उघडणारं कुणीतरी तिथे होतं. हेही मुलांना सांगाच, नाहीतर ती फक्त भीती घेऊन घरी जातात.

या घटनांनंतर जुलै 2018 मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढे पाठवलेल्या मजकुरावर 'फॉरवर्डेड' अशी खूण येऊ लागली. अनेक हातांतून आलेल्या मजकुरावर आता दोन बाण दिसतात, आणि 2020 पासून तो एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतो. अप्पांना ते दोन बाण दाखवून ठेवा. दोन बाण म्हणजे खोटं असं नाही. दोन बाण म्हणजे, ज्याने पाठवलं त्याला हे कुठून आलं ते ठाऊक नाही. पाठवणारा विश्वासू आहे, मेहुणा आहे, गुरुजी आहेत, हे इथे उपयोगाचं नाही, कारण त्यांनी ते पाहिलेलं नसतं.

आता तुमच्या मुलाबद्दल. मला अप्पांपेक्षा त्याची चिंता जास्त वाटते. 'सगळंच फेक असतं' हे हुशारीचं वाक्य वाटतं, पण तो चौकशी टाळण्याचा सोपा रस्ता आहे. सगळं खरं मानणारा आणि सगळं खोटं मानणारा, दोघेही तपासत नाहीत. आणि आपल्या शाळांत, माझ्याही सुरुवातीच्या कार्यशाळांत, एक चूक झाली: आम्ही फक्त खोटी उदाहरणं दाखवली. दहाच्या दहा खोटी. मुलं शिकली काय, तर नाही म्हणायला.

त्याला तुमच्याच भागातली एक गोष्ट विचारा. ऑगस्ट 2019 चा पूर, पाण्याने वेढलेलं घर आणि कौलांवर चक्क एक मगर जबडा वासून बसलेली, असा व्हिडिओ आला तर खरा की फेक? तो फेक म्हणेल. तो खरा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यातला, वृत्तसंस्थेने दिलेला. कृष्णेत मगरी आहेत हे सांगलीकराला सांगायला नको. नदी घरात आली तर मगरही येणार. अविश्वसनीय वाटणं हा खोटेपणाचा पुरावा नाही, आणि पटणं हा खरेपणाचा पुरावा नाही. वर्गात दहा उदाहरणं घ्याल तेव्हा निम्मी खरी घ्या. त्यातली दोन-तीन मगरीसारखी घ्या.

मुलाबरोबर आणखी एक करून बघा. तुमचा आणि त्याचा फोन शेजारी ठेवा. दोन्हींवर यूट्यूब उघडा आणि समोर काय येतं ते एकमेकांना वाचून दाखवा. एका शाळेत दोन जुळ्या बहिणींनी हे केलं. एकीच्या फोनवर स्पर्धा परीक्षा आणि रांगोळ्या, दुसरीच्या फोनवर ओळीने भुताखेतांचे व्हिडिओ. एकच घर, एकच वय. दुसरी म्हणाली, "सर, मी तर एकदाच बघितलं होतं." जे आपण थांबून बघितलं त्यासारखंच ॲप पुढे वाढतं, कारण आपण जितका वेळ थांबतो तितक्या जाहिराती दाखवता येतात. अप्पांना सगळं जग पुरात बुडताना दिसतं आणि तुमच्या मुलाला सगळं जग फेक दिसतं, यातला मोठा वाटा या वाढपाचा आहे. जे ताटात वाढलं तेवढंच स्वयंपाकघरात शिजलं, असं समजू नये एवढं त्याला कळलं तरी पुष्कळ.

छापील पेपरलाही यातून सूट देऊ नका, हे मी पेपरचा माणूस म्हणून सांगतो. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत 'पेड न्यूज'चा, म्हणजे पैसे घेऊन बातमी छापण्याचा, विषय देशभर गाजला तो महाराष्ट्रातूनच. पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं की एकाच नेत्याची स्तुती करणारा मजकूर एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत शब्दन्‌शब्द तसाच, बातमी म्हणून छापला गेला होता. आमच्या धंद्याला त्याची लाज वाटायला हवी होती, तितकी वाटली नाही. मुलांना रविवारचा अंक द्या आणि बातमी कुठे संपते, जाहिरात कुठे सुरू होते ते पेनाने आखायला सांगा. पैसे घेऊन छापलेल्या मजकुराच्या कोपऱ्यात बारीक टायपात 'प्रायोजित', 'इम्पॅक्ट फीचर' असे शब्द असतात, ते शोधायला लावा. इन्स्टाग्रामवर फेस क्रीमचं कौतुक करणाऱ्या ताईला पैसे मिळालेत का, हा प्रश्न मग त्यांना आपोआप सुचतो.

एआयने बनवलेल्या व्हिडिओंबद्दल सगळे विचारतात. बोटं सहा आहेत का, पापण्या लवतात का, ओठ जुळतात का, असं शिकवणारे तक्ते शाळांतून लावलेले मी पाहिले आहेत. ते लावू नका. यंत्र दर सहा महिन्यांनी सुधारतं, तक्ता भिंतीवर तसाच राहतो. जानेवारी 2024 मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची शिफारस करतोय असा व्हिडिओ फिरला. हा बनावट आहे, असं त्याला स्वतः पुढे येऊन सांगावं लागलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराला, म्हणजे एनएसईला, आपल्या प्रमुखांचा शेअर सुचवणारा बनावट व्हिडिओ फिरतोय म्हणून लोकांना सावध करावं लागलं. चेहरा खरा वाटतो की नाही यावर वाद घालण्यापेक्षा गावात चौकशी करणं सोपं: शेअर बाजाराचा प्रमुख फेसबुकवरच्या व्हिडिओतून शेअर सुचवतो का? त्याचं कामच ते नाही. एआयलाच 'हे खरं का' विचारणारी मुलं आता भेटतात. विचारू द्या, पण त्याने सांगितलेलं मूळ उघडून बघितल्याशिवाय उत्तर वहीत लिहू देऊ नका.

अप्पा एकटे राहतात म्हणून एक गोष्ट त्यांना या आठवड्यातच सांगा, बाकीचं नंतर. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या गणवेशातला माणूस येतो, तुमच्या आधारवर पार्सल सापडलं, तुम्ही 'डिजिटल अरेस्ट'मध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कुणाला सांगू नका, असं म्हणतो. कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये याबद्दल बोलावं, इतके लोक यात फसले. माझ्या एका कार्यशाळेत एक निवृत्त मुख्याध्यापिका उठल्या आणि म्हणाल्या, मी दोन दिवस अशी बसले होते, स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचीसुद्धा परवानगी मागत होते. चाळीस वर्षं शाळा चालवलेली बाई. अर्ध्या आयुष्याची बचत गेली आणि त्यांनी वर्षभर मुलालासुद्धा सांगितलं नव्हतं. का, तर तो म्हणेल, 'आई, एवढं कसं कळलं नाही तुला.'

ताई, तुमच्या भावाचं ते एक वाक्य म्हणून मला इतकं लागलं. आज व्हिडिओवरून अप्पांना ओरडलं, तर उद्या असा कॉल आल्यावर ते कुणाला फोन करतील? घरात न ओरडता ऐकून घेणारा एक नंबर असावा लागतो. तो तुमचा असू द्या, किंवा नातवाचा. पैसे गेलेच तर 1930 या नंबरवर लगेच कळवायचं. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त. हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या कव्हरमागे चिकटवा. फ्रिजवर नको, बाहेर असताना फ्रिज जवळ नसतो.

शाळेचं म्हणाल, तर स्वतंत्र विषय, स्वतंत्र पुस्तक याची वाट बघू नका. केरळात कण्णूर जिल्ह्यात 2018 मध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने दीडशे सरकारी शाळांत 'सत्यमेव जयते' नावाने हे तास सुरू झाले. त्याआधी लशींविरुद्धच्या अफवांनी तिथे लसीकरणाला खीळ बसली होती. कण्णूरमध्ये आधी शिक्षकांची तयारी करून घेतली, हे मला सगळ्यात पटलं. तुम्ही मराठी शिकवत असाल तर बातमीलेखनाच्या पाठात डेटलाइन घ्या. विज्ञानात पृष्ठताण येतो, तिथे 1995 ची गोष्ट सांगा. गणितात असा आलेख द्या ज्याचा उभा अक्ष शून्यापासून सुरूच होत नाही, म्हणजे छोटा फरक मोठा कसा दिसतो ते कळेल. महिन्याला एकच पूर्ण तास ठेवा, आणि त्या तासाला मुलांनी घरातल्या मोठ्या माणसाला विचारून आणलेलं एक फॉरवर्ड फळ्यावर घ्या. कुणाच्या घरातून आलं ते नाव फळ्यावर लिहू नका.

आणि भावाला सांगा, अप्पांना फोन करून समजूत घालू नकोस, माफीचं भाषणही नको. ज्याचं उत्तर पुण्यात बसून त्याला माहीत नाही आणि अप्पांना आहे, असा एक प्रश्न आहे. तेवढाच विचार म्हणावं: "अप्पा, आयर्विनला किती?"